दोन पायऱ्यांची कैद

घरकुल मंजूर झालं की भिवंडीजवळच्या पडघ्यात काय किंवा शेजारच्या कुठल्याही गावात काय, चौकशी एकच. पहिला हप्ता जमा झाला का? जोत्याचा फोटो चढवला का? स्लॅब पडल्यावर पुढचे पैसे कधी? 1 लाख 20 हजारांच्या मूळ अनुदानात, स्वयंपाकाच्या जागेसकट 269 चौरस फूट उभे करायचे म्हटल्यावर माणूस भिंतींचाच विचार करणार. त्याला दोष देता येत नाही. दोष योजनेचा आहे. ती उंबरठ्याशी संपते, आणि म्हातारपणाची खरी अडचण तिथूनच सुरू होते.

जुन्या घरांना पडवी होती. सकाळी आजी तिथे टेकली की जाणारा-येणारा दोन शब्द बोलायचा, नातवंडं नजरेसमोर असायची, एखाद्या दिवशी ती दिसली नाही तर शेजारीण आत डोकावायची. फूट मोजायला लागलो की पहिली जाते ती पडवी. उरतं उंच जोतं, दोन पायऱ्या, आणि धरायला काहीच नाही. गुडघे गेलेल्या बाईला या दोन पायऱ्या तुरुंगाच्या भिंतीएवढ्या असतात. संडासात उठताना धरायला लोखंडी दांडा लागतो. त्याची किंमत काही शे रुपये. तो नसला आणि तोल गेला, तर मांडीचं हाड मोडतं आणि घर कर्जात जातं.

बाहेरचं तर विचारूच नका. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे. चांगला निर्णय. पण एसटीपर्यंत जायचं कसं? पडघ्याच्या अंगावरून मुंबई-नाशिक महामार्ग धावतो आणि भिवंडीच्या गोदामांचे कंटेनर रात्रंदिवस त्यावर असतात. जुलै 2023 मध्ये याच महामार्गावर खडवली फाट्याला कंटेनरने प्रवासी जीपला उडवलं, सहा जण गेले. जिथे जीपमधल्या धडधाकट माणसांची ही गत, तिथे काठी टेकत रस्ता ओलांडणाऱ्याचं काय? पादचाऱ्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरून सिग्नलची वेळ ठरवतात. सत्तरीतल्या कितीतरी पायांना तो वेग झेपत नाही. जवळच्या आमण्याला 5 जून 2025 रोजी 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. एवढं बांधू शकणाऱ्या राज्याला नाक्यावर सावली, बाक आणि मधे थांबायला सुरक्षित जागा बांधता येत नाही, हे मला पटत नाही.

सिंगापूरमध्ये बहुसंख्य लोक सरकारी घरांत राहतात. तिथे 2009 पासून ज्येष्ठांनी कार्ड टेकवलं की हिरवा सिग्नल काही सेकंद जास्त थांबतो. 2012 पासून सरकारी घरांत आधाराचे दांडे आणि न घसरणाऱ्या फरशा बसवून देतात, खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलतं. पैसा त्यांच्याकडे जास्त आहे, मान्य. पण दांड्याला आणि उताराला श्रीमंत देश लागत नाही.

आपल्या सरकारी घरांत राहायला येणार तरी कोण? मुंबई-नाशिक महामार्गावरच पुढे रांजनोळीला गिरणी कामगारांसाठी घरं ठेवली. मूळ भाड्याच्या योजनेतल्या 160 फुटी दोन खोल्या जोडून केलेली 320 चौरस फुटांची. गिरण्यांचा संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला. तेव्हा तिशीत असलेला कामगार आज सत्तरी ओलांडून गेला आहे. म्हणजे ही वसाहत पहिल्या दिवसापासून म्हाताऱ्यांचीच. तरीही भांडण होतं ते फुटांचं आणि किमतीचं. लिफ्ट बंद पडली तर काय, दवाखाना किती अंतरावर, खाली बसायला जागा आहे का, हे प्रश्न त्या भांडणाइतकेच महत्त्वाचे आहेत.

पडघ्यापुरतं बोलायचं तर सुरुवात ग्रामपंचायतीला करता येईल. स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून दवाखान्याला, पंचायतीला, रेशन दुकानाला उतार झाला, तर तो म्हाताऱ्या पायांनाही चालतो. 1 ऑक्टोबर हा ज्येष्ठ नागरिक दिन, 2 ऑक्टोबरला ग्रामसभा. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम आदल्या दिवशी खुशाल करा. दुसऱ्या दिवशी मात्र घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन सभेला जा, आणि नवीन घरकुलाला उतार व दांडा, नाक्यावर बाक व शेड, एवढं त्यांच्याच तोंडून मागून ठरावात लिहून घ्या.