दिसलं का?

दुर्बिणीला डोळा लावलेल्या माणसाला जगभर एकच प्रश्न विचारतात, ‘दिसलं का?’ उत्तरही ठरलेलं, ‘हो हो!’ मागे रांग खोळंबलेली, पाय गारठलेले, दाखवणारा स्वयंसेवक आशेने तोंडाकडे बघतोय. अशा वेळी ‘नाही’ म्हणण्याइतका निर्भीडपणा कुठून आणायचा? भर दुपारी मांडवाच्या कापडाकडे बोट दाखवून भटजींनी ‘ही अरुंधती’ म्हटलं, की ‘दिसली’ म्हणून नमस्कार करणारे आपणच.

केंब्रिज विद्यापीठाच्या वेधशाळेत हिवाळ्यातल्या बुधवारी संध्याकाळी सर्वांसाठी आकाशदर्शन असतं. (उन्हाळ्यात तिथे, ५२ अंश उत्तरेला, काळोख पडायची वाट बघत बसलं तर झोपायची वेळ टळून जाते.) आधी व्याख्यान, मग आकाश मोकळं असेल तर दुर्बिणी. सगळं त्या ‘असेल तर’वर. ढग भरून आले तरी मंडळी येतात, व्याख्यान ऐकतात, हवामानावर चार शब्द बोलतात आणि घरी जातात. हवामानावर बोलण्यात त्यांचा हात कोण धरणार!

ही जागा आपल्याला अगदीच परकी नाही. फ्रेड हॉइल यांनी १९६६ साली याच परिसरात सैद्धांतिक खगोलशास्त्राची संस्था काढली, तेव्हा तिच्या पहिल्या फळीत जयंत नारळीकर होते. ‘चार नगरांतले माझे विश्व’मधल्या चारांपैकी एक नगर हेच. पण माझा जीव अडकलाय तो तिथल्या नॉर्थंबरलँड दुर्बिणीत. सुमारे बारा इंची भिंगाची ही दुर्बीण १८३८ सालची, एका ड्यूकच्या देणगीतून आलेली. ‘दिसलं का’चा सगळ्यात महागडा प्रसंग तिच्याच वाट्याला आला.

१८४६ च्या उन्हाळ्यात वेधशाळेचे संचालक जेम्स चॅलिस या दुर्बिणीतून एक नवा ग्रह शोधत होते. तो साधारण कुठे असेल याचं गणित जॉन अ‍ॅडम्स या तरुणाने मांडलं होतं. त्या भागाचा ताजा नकाशा हाताशी नव्हता, म्हणून चॅलिस दिसेल तो तारा वहीत टिपत गेले. ४ ऑगस्टला त्यांनी नेपच्यून टिपला, १२ ऑगस्टला पुन्हा टिपला. वह्या ताडून बघायचं तेवढं राहून गेलं. ते काय, उद्या करू! २३ सप्टेंबरला बर्लिनमध्ये गाले यांनी नवा नकाशा समोर ठेवून एका रात्रीत ग्रह काढून दाखवला. सप्टेंबर सरता सरता चॅलिस यांनाही एका ‘ताऱ्या’चा संशय आला होता. जेवताना एका स्नेह्याने ‘चला, आत्ताच बघू’ म्हटलं, दोघे वेधशाळेवर आले, तर चॅलिसबाई म्हणाल्या, आधी चहा घ्या. चहा होईस्तोवर आभाळ भरून आलं, अशी गोष्ट सांगतात. खरी असो-नसो, मला ती पटते. चहाला नाही म्हणणं ‘दिसलं नाही’ म्हणण्याइतकंच अवघड.

तेव्हा आपण बिचकायचं कारण नाही. देवयानी दीर्घिका पुसट डागासारखी दिसते, छायाचित्रातले रंग तिथे नसतात. पंचवीस लाख वर्षं प्रवास करून आलेला तो प्रकाश, आणि आपण म्हणतो, एवढंच? अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढ्यात कोणीतरी मोबाइल काढतोच. मग तिरक्या नजरेने बघा म्हणतात. फिकट गोष्टी सरळ बघण्यापेक्षा कडेने बऱ्या दिसतात. शनीचं उलट. तो इतका रेखीव दिसतो, की भिंगावर चित्र चिकटवलंय असा संशय येतो. आणि वसिष्ठ? नुसत्या डोळ्यांना शेजारी अरुंधती दिसते, तेवढ्यावर थांबावं. दुर्बिणीतून वसिष्ठांना अगदी खेटून आणखी एक तारा दिसतो. भटजींना हे कळवू नये.

एका गच्चीवर, कुठल्या ते सांगत नाही, अशीच रांग होती. ‘वा! काय कडी आहे!’ म्हणत एकेक जण पुढे सरकत होता. मग एका छोट्या मुलीला स्टुलावर चढवलं. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘इथे काहीच नाहीये.’ स्वयंसेवक वाकला. कुणाचा तरी धक्का लागून शनी केव्हाच चौकटीबाहेर गेला होता. कडी बघून झालेली मंडळी एकाएकी कठड्यापाशी जमून, अत्यंत मन लावून, गुरू शोधू लागली.