गळेकर

दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं, एक देव्हारा, एक फ्रीज आणि सात फुटी सहा रॉड कसे नांदतात हे बघायचं असेल, तर लालबागला आमच्या चाळीत या. रॉड दोन तुकड्यांत निघतात, म्हणून पोटमाळ्यावर मावतात. वहिनींनी एकदा त्यातल्याच एका तुकड्यानं जळमटं काढली. "अगं, कार्बनचा आहे तो!" गळेकर कळवळले. "निघाली बाई छान," वहिनी म्हणाल्या.

गळेकर हे आडनाव चाळीनं बहाल केलेलं. खरं आडनाव रेशनकार्डावर आहे. नोकरी फोर्टात, विम्याच्या कचेरीत. आजोबा मालवणाकडून गिरणीत आलेले, म्हणजे गरवायला जाणं रक्तातच हवं. अडचण तिथेच आहे. गावचा चुलता खडकावर बसतो, हातात तंगूस, टोकाला गरी, गरीला कोळंबी, आणि तिन्हीसांजेला कालवणापुरते मासे घेऊन उठतो. गळेकरांना हे अशास्त्रीय वाटतं. त्यांचे गुरू अमेरिकेत आहेत आणि तिथल्या तळ्यांतला बास नावाचा मासा पकडायला मोबाइलवरून शिकवतात.

"१९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरीनं बास काढला, २२ पौंड ४ औंस! पुढं ७७ वर्षं कुणाला जमलं नाही. २००९ला जपानच्या बिवा तळ्यात मानाबू कुरितानं बरोबरी केली." हे ते ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात आमच्याकडे फक्त गावसकरचे रन सांगितले जातात.

बास आपल्याकडे कुठला, असं कुणी म्हटलं की ते दयेनं हसतात. "जिताडा! त्याला इंग्रजीत एशियन सीबासच म्हणतात." आणि पंचाईत अशी की माणूस खोटं बोलत नाही. दोन्ही मासे दबा धरणारे. जिताडाही पुलाच्या खांबाशी, धक्क्याच्या भिंतीशी, खारफुटीच्या मुळांत थांबतो आणि समोरून बारका मासा गेला की जबडा उघडून पाण्यासकट आत ओढतो. त्यामुळे तिकडची विद्या इकडे बरीचशी लागू पडते. जिताडा तरुणपणी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, हेही खरंच. फक्त ते मेहुणीच्या साखरपुड्यात, पंगतीला, नवऱ्या मुलाच्या वडिलांना सांगायची गरज नव्हती.

विद्येतला सगळ्यात कठीण भाग म्हणजे बेटकास्टिंग रीळ. साधं स्पिनिंगचं रीळ कुणालाही वापरता येतं, म्हणून गळेकरांना ते नको. बेटकास्टिंगमध्ये फेकताना चक्री स्वतः गरगरते आणि तिला अंगठ्यानं आवरावं लागतं. अंगठा जरा उशिरा पडला की दोर मागे राहतो, चक्री पुढे पळते आणि रिळावर असा गुंता होतो की दत्तजयंतीला सोडवायला घ्यावा आणि होळीला कात्री मागावी. सराव गच्चीवर चालतो. टाकीजवळ परात ठेवायची आणि लांबून तिच्यात शिसं टाकायचं. परातीला अजून पोचा आलेला नाही. मात्र एका मे महिन्यात गळ लावून सराव झाला, तेव्हा शेजारच्या काकूंच्या कुरडया वाळवणाच्या प्लास्टिकसकट उचलल्या गेल्या.

मग लूर, म्हणजे खोटा मासा. लॉरी रापालानं १९३६ साली फिनलंडमध्ये पहिला लूर बुचातून कोरला, वर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. "गरिबीतून आलेली विद्या आहे ही," असं सांगताना गळेकरांचे डोळे भरून येतात. हातातल्या लूरच्या किमतीत आमच्याकडे रविवारचं सुरमईचं जेवण होतं.

लूरचा रंग ठरवायचा तर जिताडा सध्या काय खातोय ते कळायला हवं. त्यासाठी गळेकर मासळी बाजारात जातात. "मावशी, ह्याच्या पोटात काय निघालं?"

"पोटातलं बघायला आधी इकत घ्यावा लागतो, दादा."

एकदा त्यांनी खरंच घेतला. मावशीनं पोट फाडलं, आतून कोळंबी निघाली. ती बोटावर धरून मावशी म्हणाली, "हीच लाव की गरीला!"

मासा लागत नाही असं नाही. पण गळेकर तो सोडतात. फोटो काढायचा (हात कॅमेऱ्याकडे लांब करून, म्हणजे तांबोशी जिताड्याएवढी दिसते) आणि मासा परत पाण्यात. अमेरिकेत असंच करतात. आमच्या चाळीत पैसे बुडवलेले, नोकरी सोडलेले, घर सोडलेलेही पचले आहेत, पण हातात आलेली तांबोशी सोडणारा माणूस पचत नाही. त्यांच्या आईनं तर ते ऐकून कानाला हात लावला.

हे सगळं चाळीनं माफ केलं ते २०२५ सालच्या ७ सप्टेंबरला. लालबागचा राजा सकाळी गिरगाव चौपाटीवर पोचलेला, भरतीच्या पाण्यामुळे मूर्ती तराफ्यावर घेता येईना. अख्खी चाळ टीव्हीसमोर हात जोडून. गळेकरांनी कालनिर्णयाकडे मान वळवली. "आज पौर्णिमा. तिथी पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. तेव्हा कुठे भरती पुरी होणार, त्यातून उधाणाचं पाणी. दुपार टळेपर्यंत काही होत नाही. जेवून घ्या." अर्थात, तिथीच्या पाऊणपटीचा हा हिशोब त्यांच्या त्याच अशास्त्रीय चुलत्याचा. दुपार टळली. विसर्जन रात्री नऊच्या सुमाराला झालं, आणि चाळ गळेकरांकडे निराळ्या नजरेनं बघू लागली.

तेव्हापासून मांडव्याला जाणारे, हाजी अलीला जाणारे, पाहुण्यांना मरीन ड्राइव्हच्या लाटा दाखवणारे सगळे आधी त्यांना विचारतात. मासा लागला का, हे अजून कुणी विचारत नाही. यंदा चाळीच्या मंडळानं त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरवलंय. परवा त्यांनी सेक्रेटरीला जिन्यात गाठलं आणि शालीऐवजी तीस पौंडी ब्रेडेड लाइन चालेल का, म्हणून हळूच विचारलं. "श्रीफळ मात्र राहू दे," ते म्हणाले, "नारळीपौर्णिमेला लागेल."