पाच गुणांचं पाणी

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात पत्राला 5 गुण असतात, आणि ते हमखास मिळवून देणारं पत्र म्हणजे महापालिका आयुक्तांकडं पाण्याची तक्रार. छत्रपती संभाजीनगरात या पत्राचा सराव इतका झालाय, की पोराला झोपेतून उठवलं तरी तो ‘युवर काइंड अटेन्शन’पर्यंत न अडखळता जातो. झोपेतून उठवायची वेळही इथं येतेच. नळ कधीकधी रात्री दोनला येतात.

ही पत्रं आयुक्तांपर्यंत पोचत नाहीत, पेपर तपासणाऱ्या मास्तरांपर्यंत पोचतात, हे कबूल. पण जी खरोखर आयुक्तांकडं जातात, त्यांना तर गुणसुद्धा मिळत नाहीत.

परवा सिडकोतल्या एका शाळेत या पत्राचा तास चालला होता. सरांनी फळ्यावर साचा मांडला: पत्ता, तारीख, विषय, ‘रिस्पेक्टेड सर’. मागच्या बाकावरच्या एका पोरीनं मात्र मोडक्यातोडक्या इंग्रजीत खरंच लिहून टाकलं. आठव्या दिवशी नळ येतो, आई उठवते, मी मोटार लावून ड्रमात पाइप धरून उभी राहते, तेवढ्यात लाइट जाते, आणि सकाळी तुमच्या तासाला मी पेंगते. सरांनी चष्मा वर सरकवला. ‘भावना पोचल्या. पण यात काइंड अटेन्शन कुठंय?’ 5 पैकी 2. शेजारच्यानं गाइडातलं पत्र जसंच्या तसं उतरवलं होतं: आमच्या भागात गेले दोन दिवस पाणी नाही. 5 पैकी 4. दोन दिवस! आमच्या गल्लीत असं झालं तर लोक पेढे वाटतील.

मग ‘व्ह्यू-काउंटरव्ह्यू’. एक बाजू छापून येते, पोरांनी उलटी मांडायची. सरांनी विषय दिला, नवी पाणीयोजना शहराला वरदान.

‘सर, पण मला ते पटतंय.’

‘पटलं की शून्य. सुरुवात ‘आय स्ट्राँगली डिसअग्री’नं करायची.’

पोरानं निमूटपणे प्रत्येक वाक्यात एकेक ‘नॉट’ घातला. पुढं प्रवक्ता होईल, वाया जाणार नाही. डिसेंबर 2020 मध्ये या योजनेचं भूमिपूजन झालं तेव्हा ही पोरं पाचवीत होती आणि योजना 1680 कोटींची होती. पोरं दहावीत आली, योजना 2740 कोटींवर गेली. दोघांनाही वरच्या वर्गात ढकललंय. पन्नासेक किलोमीटरवर पैठणला नाथसागर भरलेला असला, तरी इथं ड्रम कोरडेच. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरनं जमिनीखालून नहर काढून या शहरात पाणी आणलं. त्याला कुणी विषय-संदर्भ घालून ‘युवर्स फेथफुली’ पत्र धाडलं होतं, असं काही ऐकिवात नाही.

मन वळवायची खरी शिकवणी गल्लीत, व्हॉल्व्हपाशी चालते. लाइनमन चावी घेऊन वाकला, की समोरच्या काकू फाटकातूनच सुरू होतात. ‘दादा, पाव्हणे आलेत. लेकीचा उद्या पेपर आहे. वरच्या गल्लीला मागच्या वेळी अर्धा तास जास्त सोडलं, आमचंच कामून बंद? चहा टाकलाय, घ्या आधी.’ आधी अडचण, मग करुणा, मग शेजाऱ्याचा दाखला, आणि नकाराला तोंड उघडायच्या आत कपबशी हातात. शब्दमर्यादा नाही. दहा मिनिटं जास्तीची मिळतात म्हणजे मिळतातच.

तास संपता संपता सरांचा मोबाइल वाजला. घरून फोन, नळ आले पण धार करंगळीएवढी. सर व्हरांड्यात गेले आणि दुसरा नंबर लावला. ‘दादा, सर बोलतोय. हो, हो, तुमच्या बारक्याचा प्रवेश लक्षात आहे माझ्या. जरा आमच्या लाइनीकडं बघता का?’

मागच्या बाकावरच्या पोरीनं ते शब्दन्‌शब्द वहीत उतरवून घेतलं.