पाच हजार दुवे

"पाच हजार दुवे? मी एवढ्या लोकांचं काय भलं केलं?" मामाने फोनवर विचारलं.

चूक माझीच. रत्नागिरीहून पावसला जाताना मामाची आंब्याची बाग लागते. तिला वाशीच्या दलालांच्या तावडीतून सोडवायची म्हणून मी पुण्यात बसून बागेची वेबसाइट काढली होती. साइट झकास झाली होती, फक्त ती कोणी बघत नव्हतं. गुगलवर 'रत्नागिरी हापूस' टाकलं की आम्ही नवव्या पानावर यायचो, आणि नवव्या पानापर्यंत जातो तो फक्त स्वतःचं नाव शोधणारा माणूस. अशात मला एक एसईओवाला, म्हणजे साइट गुगलवर वर चढवून देणारा, तरुण भेटला. तुमच्या साइटला बॅकलिंकच नाहीत, म्हणजे दुसऱ्या कुठल्या साइटवरून तुमच्याकडे लिंकच येत नाही, असं त्याने डॉक्टर हिमोग्लोबिन सांगतात त्या आवाजात सांगितलं. ४,९९९ रुपयांत तो ५,००० बॅकलिंक देणार होता. मामाला कळावं म्हणून मी शुद्ध मराठीत 'दुवे' म्हणालो, आणि मामाच्या मराठीत दुवा म्हणजे एसटीत म्हाताऱ्या माणसाला जागा दिली की मिळतो तो.

दुव्याला रुपयासुद्धा पडत नव्हता. हल्ली तेवढ्यात कढीपत्त्याची काडी येत नाही. मला तिथेच शंका यायला हवी होती, पण सवलत दिसली की आम्हा पुणेकरांच्या शंका विरघळतात.

तरुणाने आधी मजकुराला हात घातला. मामाने बागेविषयी स्वतः लिहिलेली दोन पानं काढून त्याने नवं पान चढवलं: अस्सल रत्नागिरी हापूस हवा असेल तर अस्सल रत्नागिरी हापूस विकणाऱ्यांकडूनच अस्सल रत्नागिरी हापूस मागवा. मामाने ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, "ह्याची आवर्तनं किती करायची? एकवीस?"

दुव्यांचं महत्त्व पटवायला मात्र मला फार कष्ट पडले नाहीत. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोघे स्टॅनफर्डमध्ये शिकत होते, तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं की विद्वान मंडळी जशी एकमेकांच्या प्रबंधांचा हवाला देतात, तशी वेबवरची पानं एकमेकांकडे बोट दाखवतात. ज्याच्याकडे जास्त बोटं, तो मोठा. पण बोट कोणाचं हेही बघायचं. वजनदार पानाने दाखवलेलं बोट वजनदार. आणि एखाद्या पानाने हजार जणांकडे बोटं दाखवली, तर त्याचं वजन हजार ठिकाणी वाटलं जाणार. गुगल हे नाव मिळायच्या आधी या उद्योगाला त्यांनी 'बॅकरब' म्हणजे पाठ चोळणं असं नाव दिलं होतं. मामाला ते नाव फार आवडलं. वजन वाटलं जाण्याचा मुद्दा तर त्याला माझ्या आधी कळला. त्यांच्या गावचे एक माजी सरपंच शिफारसपत्रांचं अख्खं पॅड आधीच सही करून ठेवत. नाव ज्याचं त्याने घालायचं. "त्या पत्रावर कोणाला नोकरी लागली नाही," मामा म्हणाला. "तलाठी त्यावर चहाचा कप ठेवायचा."

महिन्याने रिपोर्ट आला. मामाने त्याला पहिल्या दिवसापासून 'पट्टी' म्हटलं. वाशीला पेट्या पाठवल्या की दलालाकडून हिशेबाचा कागद येतो ती पट्टी: विक्री इतकी, त्यातून हमाली, तोलाई, भाडं, आणखी काय काय वजा, आणि तळाशी बागवाल्याच्या हाती काय ते. चाळीस वर्षांच्या अनुभवाने मामा पट्टी खालून वर वाचतो. रिपोर्टमध्ये रंगीत आलेख होते, चढते बाण होते, शंभरपैकी गुण होते. मामा थेट शेवटच्या ओळीवर गेला. ऑर्डर : दोन. त्यातली एक मी साइट चालते का बघायला दिलेली. दुसरी माझ्या बायकोच्या मावशीने दयेपोटी.

मग त्याने दुव्यांची यादी उघडायला लावली. पहिला दुवा ट्रकचे टायर विकणाऱ्या कुठल्याशा परदेशी साइटचा, दुसरा जुगाराच्या अड्ड्याचा, तिसरा केसांचे टोप विकणाऱ्यांचा. चौथा एका दंतवैद्याच्या पानावरचा. तिथे रूट कॅनालनंतर घ्यायच्या काळजीचा लेख होता आणि त्यात मधेच, वाक्याला ठेच लागावी तसा, निळ्या अक्षरांत 'बेस्ट अल्फान्सो मँगो ऑनलाइन' असा मजकूर. म्हणजे रूट कॅनालनंतर तीन दिवस मऊ अन्न आणि बेस्ट अल्फान्सो मँगो ऑनलाइन घेऊन कोमट पाण्याने चूळ भरावी.

"ह्या टायरवाल्याने आपला आंबा खाल्लाय?"

"नाही."

"मग तो कशाला सांगतोय?"

एसईओवर मी पुढे बरंच वाचलं. याहून नेमका प्रश्न कुठे सापडला नाही. पण तेव्हा मी मामाला म्हणालो, "तुला नाही कळायचं." कारण आम्ही नवव्या पानावरून दुसऱ्या पानावर आलो होतो आणि माझी छाती फुगली होती. ऑफिसात मी दोघांना एसईओचा सल्लासुद्धा देऊन टाकला.

हे सुख तीन आठवडे टिकलं. एका सकाळी साइटवाल्यांसाठीच्या सर्च कन्सोलमध्ये गुगलचा निरोप आला: तुमच्या साइटकडे येणारे दुवे अनैसर्गिक आहेत. त्या दिवसापासून आम्ही नवव्या पानावरही नव्हतो. बागेचं पूर्ण नाव टाकलं तरी आधी दुसऱ्याच कुणाच्या नर्सरीचं पान यायचं. तरुणाला फोन केला. त्याने शांतपणे सांगितलं की दुवे काढायचं पॅकेज वेगळं असतं, ९,९९९ रुपये.

मी मामाला धीर देण्यासाठी इतिहास सांगितला. २०११ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या बड्या दुकानदाराची हीच गत झाली होती. हजारो असंबद्ध पानांवरून आलेल्या दुव्यांच्या जिवावर ते कपड्यांपासून चादरींपर्यंत सगळ्यात पहिले यायचे. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने भांडं फोडलं, आणि प्रवासी बॅगांच्या एका शोधात संध्याकाळी सात वाजता पहिल्या क्रमांकावर असलेले पेनी दोन तासांत ७१ व्या क्रमांकावर गेले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये गुगलने 'पेंग्विन' नावाचा बदल आणून असल्या दुव्यांची सरसकट झाडाझडती घेतली. त्याच वर्षी जानेवारीत तर गुगलच्याच क्रोमसाठी पैसे देऊन लेख लिहवून घेतल्याचं निघालं, तेव्हा गुगलने स्वतःच्याच पानाला किमान ६० दिवस खाली ढकललं होतं. मामाने सगळं ऐकून घेतलं. "त्यांना निदान पडायला उंची तरी होती," म्हणाला.

नको असलेले दुवे नाकारायची सोय गुगलने २०१२ पासून ठेवली आहे. साध्या मजकुराची फाइल करायची आणि ज्यांच्याशी आपला संबंध नाही त्यांची नावं एकाखाली एक लिहायची. दोन रविवार मी तेच केलं. टोपवाले, टायरवाले, जुगारी. दंतवैद्याचं नाव लिहिताना जरा वाईट वाटलं. त्या बिचाऱ्याला आपल्या पानावर आंबा पिकतोय हे ठाऊकही नसणार. मग पुनर्विचाराचा अर्ज. तो मामाने मराठीत सांगितला आणि मी इंग्रजी केला. 'महोदय, वरील विषयास अनुसरून' पासून सुरुवात होती, आणि 'भाच्याच्या अननुभवामुळे' हे शब्द त्याने मला गाळू दिले नाहीत. काही आठवड्यांनी माफी मिळाली. परत नववं पान. मला घरी आल्यासारखं वाटलं.

दरम्यान हंगाम संपला होता आणि मामा रिकामा होता. त्याची काढून टाकलेली पानं मी परत चढवणार होतो, तर म्हणाला, थांब, नवीन लिहितो. विषय घेतला साका. म्हणजे विकणाऱ्याने ज्याचं नावही काढू नये, तो. हापूस बाहेरून सोन्यासारखा पिवळा, वास घरभर, आणि कापला की बाठ्याजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. बाहेरून कुणाच्या बापाला कळत नाही. मामाने सगळं लिहिलं: तापलेल्या जमिनीची धग फळाला कशी लागते, झाडाखाली पेंढा का पसरायचा, फळ पुरतं तयार होईपर्यंत झाडावर न ठेवता चौदा आणे झालं की का उतरवायचं. स्वतःच्याच बागेतले साका निघालेले सात आंबे विळीवर कापून त्याने त्यांचे फोटो पाठवले. खाली लिहिलं: आमच्याही आंब्यात निघतो. निघाला तर कळवा, बदलून देऊ.

मी कपाळाला हात लावला. पण ते पान लोक वाचू लागले. स्वयंपाकावर लिहिणाऱ्या एका बाईंनी आमरसाच्या कृतीखाली त्याचा दुवा दिला. मग कृषी महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याने. मग अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळाने. २००७ साली लासलगावात किरणं मारून आपला आंबा पहिल्यांदा तिकडे गेला, आणि आंब्यातला तो पांढरा गर किरणांमुळेच होतो अशी तिथल्या काही मंडळींची ठाम समजूत होती. मामाच्या पानामुळे मंडळातला एक जुना वाद मिटला म्हणे. वर्षभरात अकरा दुवे आले, एकही न मागता. मामा पहिल्यांदाच पट्टी वरून खाली वाचत होता.

आज 'आंब्यात साका' शोधलं तर आम्ही पहिल्या पानावर असतो. 'रत्नागिरी हापूस'साठी तिसऱ्या. मामाला रोज चार-पाच फोन येतात, बहुतेक दुसरीकडे आंबे घेतलेल्यांचे, आणि तो प्रत्येकाला पाऊण तास समजावतो. परवा एका आजींनी फोन ठेवताना त्याला भरभरून दुवा दिला. तो कुठल्या रकान्यात भरायचा हे त्याने मला विचारलं आहे.

यंदाच्या पेट्या संपल्या. साक्याविषयी काही विचारायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर फोन करा. दुपारी मामा झोपतो.