अनवट गडाकडे चला, सगळे मिळून!

कळसूबाईला हल्ली प्रतिष्ठित ट्रेकर जात नाही. १६४६ मीटर उंची आणि महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, हे सगळं खरं. पण कठीण जागी लोखंडी शिड्या! नऊवारीतल्या आजीबाई देवीला ओटी भरून परत येतात, तिथे आपण काय पराक्रम गाजवायचा? म्हणून मोर्चा शेजारच्या मदनगडाकडे. मराठ्यांनी पुन्हा गडाचा आसरा घेऊ नये म्हणून १८१८ च्या सुमारास इंग्रजांनी इथल्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. तिथे आता दोर लावूनच चढावं लागतं. मोडलेल्या पायऱ्यांचं माणशी एवढं भाडं येईल, हे त्या इंग्रजांना सुचलं नाही. नाहीतर कंपनी सरकारनेच तिकीट लावलं असतं.

ट्रेक कंपनीची जाहिरात सांगते : ‘गर्दीपासून दूर, एका दिवसात, चहा-नाश्त्यासह.’ मग गर्दीपासून दूर जायला मध्यरात्री खच्चून भरलेली बस निघते. पहाटे पायथ्याच्या आंबेवाडीत तशाच आणखी दोन बस उभ्या असतात. कातळाखाली रेशनच्या दुकानासारखी रांग लागते, कारण प्रत्येकाला मध्यावर लटकून एक फोटो हवा असतो.

गावचा वाटाड्या तेवढ्यात साध्या चपलांवर वर पोचून दोर बांधतो, मंडळींना एकेक करून ओढून घेतो आणि उतरताना सगळ्यांत शेवटी येतो. रात्री ‘आम्ही मदन सर केला’ म्हणून फोटो झळकतात. वाटाड्या एकाही फोटोत नसतो. असणार कसा? सगळे फोटो त्यानेच तर काढलेले असतात!