मुदतवाढ

२०२१च्या फेब्रुवारीत औरंगाबादजवळच्या वाळूजच्या कंपनीनं मला कामावरून कमी केलं. ऑर्डर नव्हत्या. मला फार धक्का बसला नाही, कारण बजाजनगरच्या आमच्या कट्ट्यावर कुणालाच ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक होती. पगारातून कापला जाणारा ईएसआय, म्हणजे कामगार विमा, फक्त सर्दी-खोकल्यासाठी नसतो. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत तेव्हा नोकरी गेलेल्या कामगाराला ९० दिवसांपर्यंत पैसे मिळत. आधी रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के मिळायचे, करोनात ते ५० टक्के झाले.

पगार १८,०००. रोजचे ६००, निम्मे ३००, नव्वद दिवसांचे २७,०००. हा हिशेब मी टपरीवर तोंडी केला आणि त्याच ऐटीत सगळ्यांना चहा पाजला. प्रत्यक्षात दोन वर्षांच्या कमाईला ७३०नं भागतात. साडेतीनशेच्या वर रुपये कमी भरले. चहाचं बिल साधारण तेवढंच झालं होतं.

पैसे खात्यात आले आणि मी तज्ज्ञ झालो. लोक पगाराच्या स्लिपा घेऊन यायचे. "तीस दिवस बेकारी काढल्याशिवाय अर्ज नाही," असं मी अशा थाटात सांगायचो, जणू तीस दिवसांची अट मीच घातली होती. पोरं मला 'भत्तेवाले काका' म्हणू लागली. नोकरीत असताना मला एवढा मान कधी मिळाला नव्हता.

फक्त आमचे वडील बधले नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी पैठणकडं रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. "आम्ही खडी फोडली तवा सुकडी मिळाली. तू बसून खातूस. लई पुढं गेलास," म्हणाले. पुढं १९७७मध्ये महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदाच केला, पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर भत्ता द्यायचा, हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते कूस बदलून झोपले.

नव्वद दिवस संपले. नोकरी नव्हतीच. आणि सप्टेंबरात मोबाईलवर बातमी आली: योजनेला ३० जून २०२२पर्यंत मुदतवाढ! मी बोटांवर महिने मोजले. नऊ! गुलमंडीवरून अर्धा किलो इमरती आणली, कट्ट्यावर वाटली आणि माझ्यासारखे नव्वद दिवस संपलेले पाच जण सोबत घेऊन, सर्वांत पुढं मी, असे ईएसआय कार्यालयाच्या खिडकीवर जाऊन उभे राहिलो.

आतल्या बाईंनी माझा विमा क्रमांक टाकला. स्क्रीनकडं बघितलं, मग माझ्याकडं. अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तशा म्हणाल्या, "काका, मुदतवाढ योजनेला आहे. तुम्हाला नाही. नव्वद दिवस आयुष्यात एकदाच."

पाचही जण माझ्याकडं बघत होते. त्यातल्या एकाच्या मिशीला अजून पाक लागलेला होता.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "अहो, बातमी पूर्ण वाचली होती का?" एवढंच विचारलं. मी मथळा वाचला होता.

पुढं दिवाळीनंतर मला शेंद्र्याला काम लागलं, पगार आधीपेक्षा कमी. नंतर शहराचं नावही बदललं. बायकोच्या हिशेबाच्या वहीत मात्र त्या अर्धा किलो इमरतीचे पैसे अजून माझ्या नावावर उधार आहेत.