चिमी गणपतीला आली नाही म्हणे!

"काय गं, आवरलं का गणपतीचं सगळं? आणि चिमी कुठं दिसली नाही ती, गौरीला तरी?"

"काही विचारू नका काकू. आलीच नाही ती."

"म्हणजे? पोरगी पहिल्यांदा बाहेर राहिली आणि पहिल्याच गणपतीला घरी नाही?"

"पथकात वाजवायचं होतं म्हणे. ढोल! मी म्हटलं, अगं, आपला संस्थानचा गणपती पाचव्या दिवशी जातो, तेवढं करून जा परत. तर म्हणते, पहिल्या दिवशी आगमनाला वाजवायचंय, शेवटच्या दिवशी विसर्जनाला, मधे कॉलेज. मग काय पुणे-सांगली करत गाडीतच गणपती बसवू का? आणि तिकडची मिरवणूक म्हणजे माहितीये ना, एकदा मंडईतून निघाली की दुसरा दिवस उजाडतो."

"हीच ना ती चिमी, जुलैत रोज रात्री फोनवर रडायची?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तुझं 'रडू नको गं बाई' आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. मी काय कंपाउंडला कान लावून बसते?"

"रडायचीच हो. इथं शाळेपासून त्याच चार मैत्रिणी, तिथं एक ओळखीचं तोंड नाही. नारायण पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळाली. खोलीतली मुलगी एमपीएससी करणारी. पहाटे अभ्यासिकेत जाते ती रात्री झोपायलाच येते. दोघींचं बोलणं काय, तर 'दिवा बंद करू का?' संपलं."

"आणि वर्गातल्या पोरी?"

"वर्ग एक असेल तर ना! नवीन शैक्षणिक धोरण आलंय, २०२४ पासून साध्या बी.ए., बी.एस्सी.लासुद्धा. मेजरला एक घोळका, मायनरला दुसरा, ओपन इलेक्टिव्हला तिसराच. आज शेजारी बसलेली पोर पुन्हा गुरुवारी दिसणार. आपल्या वेळी बाक ठरलेला असायचा, शेजारीण आवडो न आवडो, वर्षभर तीच. हिच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, पण त्यात 'नोट्स पाठवा' आणि 'उद्या लेक्चर आहे का' याच्यापुढं काही नाही."

"मी तेव्हाच तुला म्हणणार होते, रॅगिंग-बिगिंग तर नाही ना?"

"नाही हो. रॅगिंगविरुद्ध कायदा आहे आपल्याकडं, १९९९ चाच. प्रवेशाच्या वेळी आम्ही दोघींनीही हमीपत्र भरून दिलंय, तिनं आणि मी. मला वाटायचं, सीनियर त्रास देतील. इथं त्रास द्यायलासुद्धा कुणी बोलत नव्हतं! आणि रविवारची संध्याकाळ तर विचारू नका. मेस बंद. बाकीच्या पोरी घोळक्यानं कुठंतरी खायला जायच्या, ही खोलीत बसून आपलं भडंग खायची आणि मला सांगायची, जेवले म्हणून."

"अरेरे. मग गाडी रुळावर आली कशी?"

"बादलीमुळं."

"काय मुळं?"

"बादली हो. मी भांडून आले होते मालकीणबाईंशी, की पोरीला बाथरूमला लागून असलेली खोली का दिली. सकाळभर दारात नुसती ये-जा. गॅस गीझर एकच, गरम पाणी ठरलेल्या वेळेत. मग पोरी पहाटेच उठून बादल्यांची रांग लावतात. प्रत्येकीच्या बादलीवर नेलपेंटनं नाव. बादली ठेवायची आणि परत जाऊन झोपायचं. एक दिवस हिचं सकाळी सातचं प्रॅक्टिकल, आणि बादली सातव्या नंबरला. बघते तर कुणीतरी सरकवून दुसरी करून ठेवलेली. गोंदियाच्या पोरीनं. हिची बादली तिच्या पुढं, तिची मागं."

"गोंदियाची? एवढ्या लांबची?"

"हो ना! ती रोज हिला दारातून जाताना बघायची, पुस्तकं घेऊन धावताना. त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या. मग कळलं, दोघींच्या घरची गाडी एकच! महाराष्ट्र एक्सप्रेस. कोल्हापूरहून निघते, मिरज, सांगली, पुणे करत गोंदियाला जाते. ही एका टोकाची, ती दुसऱ्या."

"आता बघ, तू मालकिणीशी भांडलीस ती खोलीच कामी आली. आमची सूनबाई मानसशास्त्र शिकवते ना, ती हे सांगत होती मागं. अमेरिकेत एमआयटी आहे बघ, तिथं महायुद्धानंतर लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट म्हणून वसाहत होती. लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या सोबत्यांनी घरोघरी विचारलं, तुमचं येणंजाणं कुणाकडं? १९५० साली त्यावर पुस्तकच काढलं. निघालं काय? ज्याचं दार लागून, त्याच्याशी मैत्री सगळ्यात जास्त. चार दारं पलीकडं गेलं की कमी. आणि जिन्याच्या तोंडाशी घर असलेल्यांचं वरच्या मजल्यावरच्यांशीपण जमलेलं, कारण सगळे तिथूनच जाणार-येणार."

"मग खोलीतल्या खोलीत त्या एमपीएससीवालीशी का नाही जमलं?"

"ती खोलीत असते कुठं? नुसतं जवळ राहून होत नाही गं, दिसावंपण लागतं. सारखं सारखं. बरं, ते ढोलाचं सांग ना."

"गोंदियावालीचीच कल्पना. तिनं कधी ढोल-ताशा जवळून बघितला नव्हता, हिनंही इथं लांबूनच. दोघी जाऊन नाव देऊन आल्या. संध्याकाळी नदीपात्रात सराव. मला वाटलं, गेल्या गेल्या ढोल देत असतील. कसलं काय! आधी नुसता टोल हातात धरायला शिकवलं, दुसऱ्या हातानं थापी. आणि रोज वाजवायच्या आधी ढोल ताणायचे. तुम्ही बघितलंय का कधी? एकटीला होतच नाही ते. एकीनं ढोल आडवा दाबून धरायचा, दुसरीनं पाय रोवून दोरी खेचायची, पान ताठ झालं की गाठ मारायची. मधेच हात सुटला की पहिल्यापासून. पहिल्या दिवशी चिमीच्या हाताला दोरीनं साल गेलं, तर एक ताई आली, हळद लावली आणि म्हणाली, 'सगळ्यांचंच जातं, उद्या ये.' त्या 'उद्या ये'वर पोरगी गेली बघा."

"कुणीतरी उद्या ये म्हणायलाच लागतं."

"मग ढोल कमरेला बांधायला एकमेकींची ओढणी, पाणी प्यायला एकच बाटली, परत येताना वडापाव. नावं नंतर कळली म्हणते, आधी कुणाचा ठेका चुकतो ते कळलं!"

"आमच्या दादाचं असंच. पुण्याला होता तेव्हा पुरुषोत्तम करंडकात होता, सांगते ना मी सगळ्यांना. महाराष्ट्रीय कलोपासकची स्पर्धा, १९६३ पासून चाललीये, भरत नाट्य मंदिरात. लोक विचारतात, काय काम केलं? काय करणार, सेट उचलला! स्टेजवर मिनिटभर दिसला नाही. पण ज्या पोरांबरोबर रात्र रात्र फळ्या रंगवल्या, ती पोरं आमच्या नातवाच्या बारशाला पोळ्या वाढत होती. मैत्री करायची म्हणून गेलं ना, की माणूस अवघडतं. समोरचं पण अवघडतं. काम करायला जावं. दोघांचे हात गुंतलेले असले की तोंड आपोआप मोकळं होतं."

"पण काकू, अभ्यासाचं काय? दीड महिना रोज दोन-अडीच तास ढोल!"

"कर ना हिशेब, शंभर तास होतात. आणि मैत्रीलापण तास लागतात, हेपण सूनबाईचंच. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉलनं २०१८ मध्ये मांडलं, नव्यानं विद्यापीठात आलेल्या पोरांनापण विचारून. नुसती ओळख असते तिची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात, चांगली मैत्री व्हायला ९०, आणि जिवाभावाची म्हणायला २०० च्या वर. जुलैत तुझ्या पोरीचे एवढे तास कुणाबरोबर झाले होते? कुणाबरोबर नाही. मग रडेल नाहीतर काय करेल? तिच्यात काही कमी नव्हतं गं, तास कमी होते."

"हे मला जुलैत सांगायचं होतं!"

"तू विचारलंस कुठं? तू फोनवर होतीस."

"आता गणपती गेले, पथक बंद. पुढं काय?"

"एनएसएसला नाव घालायला सांग. राष्ट्रीय सेवा योजना. वर्षाला १२० तास काम, आणि सात दिवसांचं गावात शिबिर. घमेली उचलायची, भाकऱ्या थापायच्या. तिला वर्गातलं कुणीतरी तिथंच भेटेल, बघ. ग्रुपवर नाही भेटायचं."

"सांगते. बरं काकू, तुम्ही विचारलं नाहीत, पण पथकात मुलगेपण आहेत हं."

"असणारच की! ढोल काय एकट्या पोरीच वाजवतात? कोण आहे?"

"कोण म्हणजे? कुणी नाही. तसं एक नाव येतं बोलण्यात अधूनमधून. ताशा वाजवतो."

"ताशा? म्हणजे ठेका त्याच्या हातात! गाव कुठलं?"

"अजून विचारलं नाही."

"विचारू नकोस. विचारलंस की ती सांगायचं बंद करेल. आपोआप येईल बोलण्यात, मग लगेच मला सांग."

"बरं, खरं काम राहिलंच. दिवाळीला चिमी येतेय, आणि गोंदियावालीपण. तिची सुट्टी चारच दिवस, जायला-यायला दोन दिवस गाडीतच जाणार. चिमी म्हणाली, माझ्याकडं चल. मी आता घाबरलेय. गोंदियाकडं जेवणात काय करतात, मला काही माहीत नाही."

"भात करतात गं, भंडारा-गोंदिया म्हणजे भाताचा मुलूख. तिखट चालतं का तेवढं विचार, आपला ठेचा झेपणार नाही कदाचित. आणि चकलीची भाजणी दोन्ही घरची एकत्रच करू यंदा, गुरुवारी माझ्याकडं ये. गादी आहे का जास्तीची?"

"एकच आहे."

"मग आमची वरच्या खोलीतली ने. उन्हात घालून ठेवते आजच."